सल्ला: तस्कनीच्या खेड्यात एक वाजता जेवायला बसा

वाचकाचं पत्र:

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही चौघं इटलीला जातोय. मी, नवरा, बारा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. आठ दिवस तस्कनीत, मोंतेपुल्चानोजवळ शेतावरच्या एका घरात राहणार आहोत. गाडी भाड्याने घेतली आहे. मागच्या खेपेला रोममध्ये मोठ्या चौकातल्या हॉटेलांत जेवलो. पैसे गेले आणि चवही मिळाली नाही. या वेळी गावातली माणसं जिथे जेवतात तिथे जेवायचं आहे. नेटवर बघावं तर सगळीच ठिकाणं साडेचार ताऱ्यांची. त्यात सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. सुरुवात कुठून करू?

– एक वाचक, कोथरूड

उत्तर:

सुरुवात घड्याळापासून करा, नकाशा नंतर. आपल्याकडच्या खानावळीसारखंच तिथल्या साध्या ट्रात्तोरियाचं असतं. जेवणाची वेळ ठरलेली, ती टळली की चूल बंद. दुपारी स्वयंपाकघर साडेबाराला सुरू होतं आणि दोन, फार तर अडीचला थांबतं. संध्याकाळी साडेसातच्या आधी ताट येत नाही, आणि साडेनऊनंतर गेलात तर खेड्यात बहुधा परत फिरावं लागतं. मधल्या वेळात दार उघडं दिसलं तरी आत खुर्च्या टेबलांवर चढवून फरशी पुसणं चाललेलं असतं.

पर्यटक फसतो तो इथेच. सकाळी पियेंत्सा बघायचं, तटावरून वाल दोर्चा खोऱ्याचे फोटो काढायचे, पेकोरीनोची, म्हणजे मेंढीच्या दुधाच्या चीजची, दुकानं हिंडायची आणि पावणेतीनला भुकेने कासावीस होऊन जागा शोधायला लागायचं. त्या वेळी जे उघडं सापडतं ते दिवसभर उघडं असतं, म्हणजे अवेळी येणाऱ्या परक्या माणसांवरच चालणारं असतं. गावची माणसं एक वाजताच जेवून गेलेली असतात. म्हणून आठही दिवसांचा बेत दुपारी एकच्या जेवणाभोवती आखा. सकाळी जे बघायचं ते बारापर्यंत आटोपा, एकला टेबलावर बसा, आणि संध्याकाळचं जेवण बहुतेक दिवशी घरीच ठेवा. सासूबाईंच्या तब्येतीलाही रात्री साडेआठच्या तीन पदार्थांपेक्षा हे मानवेल.

दुसरी अडचण बंद दाराची. प्रत्येक ठिकाणाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते. सोमवार, मंगळवार किंवा बुधवार जास्त, पण कोणताही वार असू शकतो. बऱ्याच ठिकाणी रविवारी दुपारी गर्दी आणि रात्री कुलूप. दारावर ‘क्यूझो’ लिहिलं असेल तर बंद, ‘फेरिये’ लिहिलं असेल तर मालक सुट्टीवर. फोनमधल्या नकाशावरची वेळ मालकाने वर्षभरात बदललेली नसते, तिच्या भरवशावर पंचवीस मिनिटं वळणावळणाचा रस्ता कापू नका. फोन करा. इटलीतल्या लँडलाइन नंबरचं सुरुवातीचं शून्य भारतातून लावतानाही गाळायचं नसतं. म्हणजे अधिक एकोणचाळीस, मग शून्यासकट पूर्ण नंबर. आपल्या सवयीने शून्य काढून टाकलं की फोन लागत नाही, आणि माणसाला वाटतं दुकान बंद झालं. मोबाइल नंबर तीनने सुरू होतात, त्यांना शून्य नसतं.

दुपारच्या टेबलासाठी सकाळी साडेदहा ते साडेअकराच्या दरम्यान फोन करा. एक वाजता केलात तर उचलणाऱ्याच्या हातात चार ताटं असतील. एवढं वाक्य पुरतं: ‘बुओन्जोर्नो, व्होर्रेई प्रेनोतारे पेर क्वात्त्रो, ओज्जी आ प्रांझो, आल्लूना.’ म्हणजे आज दुपारी एकला चौघांसाठी टेबल हवं. पलीकडून नाव विचारतील. सोपं, दोन अक्षरी नाव सांगा.

आता जागा. मोंतेपुल्चानो आणि पियेंत्साच्या तटाच्या आत चांगलं मिळतच नाही असं नाही, पण तिथे निवड करायला कसब लागतं आणि ऑक्टोबरातही गर्दी असते. तुमच्यासाठी सोपी दिशा खालची आहे, वाल्दिक्यानाच्या सपाटीवर. तोर्रिता दि सिएना, सिनालुंगा आणि महामार्गाच्या फाट्यालगतचं बेत्तोल्ले या पट्ट्यात कारखाने, गोदामं, कार्यशाळा आहेत. तिथल्या माणसांना सोमवार ते शुक्रवार दुपारी तासाभरात गरम जेवण लागतं. त्यांच्यासाठी जे जेवण असतं त्याला ‘प्रांझो दि लावोरो’ म्हणतात, कामाच्या दिवसाचं दुपारचं जेवण. आपली राइस प्लेटच समजा. ठरलेल्या भावात एक प्रीमो (पास्ता किंवा सूप), एक सेकोंदो (मांस, मासे, कधी चीज), सोबत भाजी, पाणी, पाव लिटर वाइन आणि शेवटी कॉफी. साधारण तेरा ते सोळा युरो. शनिवार-रविवारी हा बेत मिळत नाही, आणि छापील मेनूतही बहुधा नसतो. दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलेला असतो, नाहीतर वाढणारी बाई येऊन तोंडी सांगते.

अशी जागा दिसायला साधी, कधी कधी रूक्षच असते. पेट्रोल पंपाला लागून, बाहेर फलकावर एखाद्या कॉफीचं नाव, आत ट्यूबलाइट, टेबलावर कापडाऐवजी कागदाची पट्टी. साडेबाराला बाहेर काय उभं आहे ते बघा. शिड्या बांधलेल्या पांढऱ्या व्हॅन, प्लंबर-इलेक्ट्रिशियनच्या गाड्या, नगरपालिकेची पिकअप दिसली तर खुशाल आत जा. गाड्यांच्या नंबरप्लेटही काही सांगतात. १९९९ नंतरच्या प्लेटवर उजवीकडच्या निळ्या पट्टीत जिल्ह्याची दोन अक्षरं असू शकतात: सिएनासाठी एस आय, शेजारच्या आरेत्सोसाठी ए आर. अक्षरं लावणं सक्तीचं नाही, त्यामुळे ती नसली तर काही सिद्ध होत नाही. पण दहातल्या सहा प्लेटवर एस आय दिसलं तर जेवणारे जवळपासचेच आहेत.

नावावर मात्र जाऊ नका. ओस्तेरिया म्हणजे एके काळी वाइनचा गुत्ता, ट्रात्तोरिया म्हणजे घरच्या माणसांनी चालवलेली खानावळ, रिस्तोरांते म्हणजे जरा थाटाचं, असा फरक पूर्वी होता. आज सगळ्यात महाग जागाही स्वतःला ओस्तेरिया म्हणवते. लाल-पांढऱ्या चौकड्यांचं कापड आणि पाटीवर ‘आजी’ असली म्हणजे आत आजी रांधत असते असंही नाही.

नेटवरचे तारे सगळीकडे सारखे दिसतात हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे, कारण ते देणारे बहुतेक तुमच्यासारखेच दोन दिवसांचे पाहुणे असतात. शोध इटालियनमध्ये घ्या. रोमन लिपीत ‘प्रांझो दि लावोरो’ आणि ‘कुचीना कासालिंगा’, म्हणजे घरगुती जेवण, हे शब्द टाकून घरापासून अर्ध्या तासाच्या आतला भाग बघा. मग मते नव्यापासून जुनी अशी लावून फक्त इटालियनमधली वाचा, भाषांतर तुमचा फोनच करून देतो. ‘लोकाले स्पार्तानो’ (जागा अगदी साधी), ‘पोका शेल्ता’ (निवडीला फारसं नाही), ‘मेनू आ व्होचे’ (मेनू तोंडी सांगतात) या तक्रारी दिसल्या आणि त्याच वाक्यात ‘आबोंदांते’ म्हणजे भरपूर, किंवा ‘प्रेत्सो ओनेस्तो’ म्हणजे वाजवी भाव असं आलं, तर ते ठिकाण यादीत घ्या. देखाव्याची स्तुती आणि जेवणाबद्दल एकच मोघम ओळ असेल तर सोडून द्या. फोटोंत जेवणाच्या ताटांबरोबर कुणी बिलाचा फोटो टाकला असेल तर तोही बघा, खरे भाव तिथेच कळतात.

छापील मार्गदर्शक हवा असेल तर स्लो फूड संस्थेचा ‘ओस्तेरिए दितालिया’ घ्या. पिएमोंतेमधल्या ब्रा गावच्या या संस्थेने तो १९९० पासून काढला आहे आणि तो साध्या, स्थानिक जेवणाच्या जागांचाच आहे. विशेष पसंतीच्या ठिकाणांना त्यात गोगलगायीचं चिन्ह असतं. भाषा इटालियन, पण वार, वेळ आणि भाव समजायला भाषा लागत नाही. या यादीतली टेबलं लवकर भरतात, तेव्हा दोन-तीन दिवस आधी सांगून ठेवा.

गावात तोंडी विचारणं मात्र सगळ्यात बरं, फक्त प्रश्न नीट विचारा. ‘चांगलं रेस्टॉरंट कुठे?’ असं विचारलं की समोरचा तुम्हाला पाहुणा समजून पाहुण्यांचीच जागा दाखवतो. बेकरीत किंवा हार्डवेअरच्या दुकानात विचारा, ‘दोवे मांजाते वोई, आ प्रांझो?’ तुम्ही दुपारी कुठे जेवता? मग मिळणारं उत्तर वेगळं असतं.

दारात मेनू लावलेला असेल तर अर्ध्या मिनिटात वाचून होतो. एका कागदावर मावणारा, चार-पाच प्रीमी आणि तितकेच सेकोंदी असलेला मेनू चांगला. फोटो आणि पाच भाषा असतील तर पुढे चला. सिएनाच्या खेड्यात जेनोव्हाचं पेस्तो, रोमचं कार्बोनारा आणि ‘स्पागेत्ती बोलोन्येझे’ एकाच कागदावर दिसले तर स्वयंपाकी गावासाठी रांधत नाही. त्या मुलखाचे पदार्थ शोधा: पीची, रिबोल्लीता, फाजोली म्हणजे घेवड्याच्या शेंगदाण्याएवढ्या, शिजवलेल्या पांढऱ्या बिया, पेकोरीनो. आणि अगदी तळाला बारीक अक्षरांत बघा. पदार्थाच्या नावापुढे छोटी चांदणी असेल आणि खाली ‘सुर्जेलातो’ लिहिलं असेल, तर तो माल फ्रोझन आहे. तुम्ही जाल तेव्हा रानातल्या पोर्चीनी अळंब्यांचा हंगाम असतो. तेव्हाही पोर्चीनीपुढे चांदणी दिसली तर दुसरं काहीतरी मागवा.

आता सासूबाई. तस्कनीच्या गरीब शेतकरी स्वयंपाकात भाज्या, पाव आणि कडधान्यं भरपूर आहेत, त्यामुळे त्या उपाशी राहणार नाहीत. अडचण वेगळी आहे. नुसतं ‘वेजेतारियाना’ म्हटलं की खेड्यातल्या स्वयंपाकघरात ‘मांसाचा तुकडा नको’ एवढाच अर्थ घेतला जातो. सूपमध्ये मांसाचं पाणी, फोडणीसारख्या परतलेल्या कांदा-गाजर-सेलरीत पांचेत्ताचे (डुकराच्या खारवलेल्या मांसाचे) कण, बिया शिजताना टाकलेलं हॅमचं हाड, हे त्यांच्या हिशेबात मांस नाही. त्यात फसवणूक काही नाही, शब्दाचा घेर वेगळा आहे इतकंच. म्हणून एकेक वस्तू नाव घेऊन सांगावी लागते. पुढचं वाक्य रोमन लिपीत टाइप करून फोनमध्ये ठेवा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा: ‘मिया सुओचेरा नॉन मांजा कार्ने, पेशे, प्रोशुत्तो, पांचेत्ता, आच्युगे, ब्रोदो दि कार्ने, स्त्रुत्तो, नॅ उओवा.’ माझी सासू मांस, मासे, हॅम, पांचेत्ता, खारवलेले अँचोवी मासे, मांसाचं पाणी, डुकराची चरबी आणि अंडी खात नाही. दीर्घ वाटतं, पण यातला एकही शब्द गाळू नका. ‘सासू’ शब्द वाचून वाढणारी बाई आत जाऊन नीट विचारून येईल.

त्यांच्यासाठी पहिला पदार्थ ‘पीची आल्लाल्योने’. पीची म्हणजे हातावर वळलेले जाडसर, लांब, ओबडधोबड धागे; आपल्या वळवटासारखी कृती, फक्त जाडी कितीतरी जास्त. मूळ कृतीत गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि थोडं ऑलिव्ह तेल, अंडं नाही. काही घरांत मात्र पिठात एक अंडं घालतात, तेव्हा ‘चे लुओवो नेइ पीची?’ हे विचाराच. आल्योने हा वाल्दिक्यानाचा मोठ्या पाकळ्यांचा, सौम्य वासाचा लसूण आहे. तो तेलात मंद आचेवर विरघळेपर्यंत शिजवतात आणि मग टोमॅटो घालतात. चीज लागत नाही. दुसरा पर्याय ‘पीची आल्ले ब्रीचोले’, म्हणजे शिळ्या पावाचा चुरा तेलात कुरकुरीत परतून पास्त्यावर. तोही बहुतेक ठिकाणी निर्धोक. पण तालियातेल्ले, पाप्पार्देल्ले, तोर्तेल्ली, लाझान्या या ओल्या पास्त्यांत अंडं असतंच, ते टाळा. दुकानात मिळणारा कोरडा स्पागेत्ती किंवा पेन्ने बिनअंड्याचा असतो आणि तो प्रत्येक स्वयंपाकघरात असतो. त्यामुळे मेनूत नसला तरी ‘स्पागेत्ती आल पोमोदोरो’ करून देतात.

रिबोल्लीता म्हणजे शिळा पाव, काळसर पानांची कोबी आणि बिया घालून दोनदा उकळलेलं घट्ट सूप. पोटभरीचं आणि सासूबाईंना आवडेल असं, पण ब्रोदो (मांसाचं पाणी) आणि हाडाबद्दल विचारल्याशिवाय घेऊ नका. सुरुवातीला येणाऱ्या क्रोस्तीनींमध्ये तपकिरी लेप लावलेला पाव कोंबडीच्या काळजाचा असतो, तो डाळीचा समजून उचलला जातो. लक्ष ठेवा. भाजीत ‘वेर्दूरे ग्रील्याते’ म्हणजे भाजलेल्या भाज्या, लसणावर परतलेली पालेभाजी आणि ‘फाजोली आल्लोल्यो’ म्हणजे तेल-मिरपूड घातलेल्या बिया घ्या.

चीजबाबत आधीच घरात बोलून ठेवा. इटलीतलं बहुतेक जुनं चीज वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या रसाने, विरजलेलं असतं, पार्मिज्यानोही. पियेंत्साच्या परिसरातले काही उत्पादक थिसलसारख्या रानफुलांपासून काढलेल्या रेनेटने पेकोरीनो करतात. वेष्टनावर ‘काल्यो वेजेताले’ लिहिलेलं असेल तरच सासूबाईंसाठी घ्या. पास्त्यावर वरून किसून घालतात, तेव्हा ‘सेन्झा फोर्माज्जो’ आधीच सांगावं लागतं. आणि पाव अळणी लागला तर तक्रार नको, तस्कनीचा पाव मीठ न घालताच करतात. खारट हॅम आणि पेकोरीनोसोबत तो बरोबर बसतो. सासूबाईंसाठी चिमूटभर मीठ आणि ऑलिव्ह तेल मागून घ्या.

मुलीचं सोपं आहे. ‘पास्ता इन ब्यांको’, लोणी किंवा तेल घातलेला साधा पास्ता, कुठेही मिळतो आणि ‘मेझ्झा पोर्त्सिओने’ म्हटलं की अर्धा येतो. मोठ्यांनीही चार पदार्थांचा क्रम पाळायलाच हवा असं नाही. एक प्रीमो आणि एक भाजी हे पूर्ण जेवण आहे. मात्र रविवारी दुपारी भरलेल्या खोलीत चौघांत दोनच पदार्थ मागवणं बरं दिसत नाही.

नवऱ्याला बिस्तेक्का, म्हणजे गोमांसाचा जाड भाजलेला तुकडा, खायचा असेल तर भाव नीट वाचा. तो ताटाचा नसून किलोचा किंवा ‘एत्तो’चा, म्हणजे शंभर ग्रॅमचा असतो. एत्तोला पाच युरो लिहिलेलं स्वस्त वाटतं, पण हाडासकट सव्वा किलोचा तुकडा आला की साडेबासष्ट युरो होतात. कापण्याआधी ‘क्वांतो पेझा?’ विचारा, वजन किती.

बिलात माणशी दीड ते तीन युरो ‘कोपेर्तो’ असतो. पाव आणि टेबलाचा तो नेहमीचा आकार आहे, फसवणूक नाही. पाणी बाटलीचंच येतं. टिप अपेक्षित नसते, सुटे वर ठेवलेत तर पुरे. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, कारण उठायची घाई करणं अपमानाचं मानतात. साध्या जागी जेवण झालं की सरळ काउंटरवर जाऊन पैसे द्यायचे. कार्ड चालतं, तरी पन्नास युरो रोख जवळ असू द्या. गाडी चालवणाऱ्याने पाव लिटर वाइन एकट्याने संपवू नये: रक्तात लिटरला अर्धा ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, आणि परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो. जुन्या गावात तटाच्या आत गाडी घालू नका, कॅमेरे असतात आणि दंड घरी येतो. बाहेर पांढऱ्या रेषांत पार्किंग फुकट, निळ्यांत पैसे, पिवळ्या राखीव.

तुमचं घर शेतावरचं आहे, तेव्हा मालकीणबाईंना विचारा की त्या जेवण देतात का. आग्रितुरिझ्मोचा, म्हणजे शेतावर पाहुणे ठेवण्याच्या व्यवसायाचा, २००६चा कायदा सांगतो की मुख्य व्यवसाय शेतीच राहिला पाहिजे आणि ताटात स्वतःच्या व परिसरातल्या मालाला प्राधान्य हवं. तिथे मेनू एकच असतो, पंचवीस ते पस्तीस युरो, आणि आदल्या दिवशी सांगावं लागतं. शाकाहाराचंही आदल्या दिवशीच सांगा. सकाळी मांसाचा रस्सा चुलीवर चढल्यावर सांगून उपयोग नसतो.

घरी रांधायचं त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या आत सामान घ्या. गावातलं किराणा, म्हणजे ‘आलिमेंतारी’, एकच्या सुमाराला बंद होतं आणि साडेचार-पाचला उघडतं. काचेच्या बरणीतल्या शिजवलेल्या बिया आणि छोले घ्या, शिवाय टोमॅटो, बटाटे, दही, तांदूळ. हिंग, हळद आणि मोहरी तेवढी पुण्याहून न्या.

रविवारसाठी मोन्ते आमियाता डोंगराच्या बाजूला जा. आबादिया सान साल्वातोरे, प्यानकास्तान्यायो ही चेस्टनटच्या रानातली गावं, आणि ऑक्टोबरातल्या शनिवार-रविवारी तिथे चेस्टनटच्या जत्रा भरतात. रस्त्याकडेला हातभर पोस्टरं लागलेली असतात, त्यावर ‘साग्रा’ किंवा ‘फेस्ता देल्ला कास्तान्या’ शोधा. गावकरी मोठ्या कढयांत रांधतात. आधी खिडकीवर कागदावर खुणा करून रोख पैसे द्यायचे, नंबर घ्यायचा आणि लांब बाकावर इतरांसोबत बसायचं. साडेबाराला पोचा, दीडपर्यंत चांगले पदार्थ संपतात. जत्रा नसेल तर डोंगरावर चढण्याआधी, शुक्रवारीच, फोन करून टेबल ठरवा. रविवारी दुपारी तिथे तीन पिढ्या एकत्र जेवायला आलेल्या असतात आणि न सांगता आलेल्या चौघांना जागा मिळत नाही.